बालकर्करोग: देणगीचा पैसा नेमका कुठे पोचतो?

निशिगंध

मदतीच्या आवाहनांवरच्या धाग्यावर परवा एका सदस्याने विचारलं होतं, "सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार मोफत होतात ना? मग लहान मुलांच्या कॅन्सरसाठी सारख्या देणग्या कशाला मागतात?" तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं वाढत गेलं की वेगळा धागाच काढते आहे. मी परळला रुग्णांच्या मदतकक्षात स्वयंसेवक म्हणून जाते. डॉक्टर नाही. वैद्यकीय बाजू इथले डॉक्टर सदस्य माझ्यापेक्षा नीट सांगतील.

लहान मुलांचा कॅन्सर मोठ्यांच्या कॅन्सरपेक्षा पुष्कळ वेगळा असतो. तंबाखू, दारू, खाणंपिणं यांचा त्यात काही हात नसतो. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही, त्यामुळे "आईने गरोदरपणात काय खाल्लं" ही चौकशी नातेवाइकांनी कृपा करून थांबवावी. दुसरं म्हणजे तो बरा होतो. श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. जगात दर वर्षी सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो आणि त्यातली बहुसंख्य मुलं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत असतात. तिथे बऱ्याच ठिकाणी बरं होण्याचं प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. आजार तोच, औषधं बव्हंशी तीच, आणि तरी एवढी तफावत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये उद्दिष्ट ठरवलं की २०३० पर्यंत जगभरात निदान ६० टक्के मुलं वाचली पाहिजेत.

ही तफावत कशाने पडते? उशिरा होणारं निदान हे एक मोठं कारण. पण मला रोज दिसतं ते दुसरं: उपचार अर्धवट सोडणं.

रक्ताच्या कॅन्सरच्या, म्हणजे ल्युकेमियाच्या, मुलांत नेहमी दिसणाऱ्या प्रकाराचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. पहिले सहा-आठ महिने तर हॉस्पिटलजवळच राहावं लागतं, कारण ताप आला की तासाभरात पोचायला हवं. योजनेचे पैसे हॉस्पिटलला मिळतात, ठरलेल्या पॅकेजप्रमाणे. किनवटहून किंवा मेळघाटातून आलेल्या बापाची बुडालेली मजुरी त्यात नसते. मुंबईतल्या खोलीचं भाडं, पोराला रोज लागणारी अंडी आणि दूध, गावी आजीकडे ठेवलेल्या धाकट्या बहिणीचा खर्च, यातलं काहीच त्यात बसत नाही. पहिला महिना संपतो, मूल हसायला-खेळायला लागतं, रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत, हातातले पैसे संपलेले असतात. मग घरचे म्हणतात, बरं झालंय की, चला गावाला. त्या घटकेला त्यांच्याजवळ बसून बोलणारं कुणी नसेल तर ते मूल काही महिन्यांनी परत येतं, आणि तेव्हा फार कमी पर्याय उरलेले असतात.

परळच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलच्या बालकर्करोग विभागाने २०१० च्या सुमाराला 'इम्पॅक्ट' नावाने देणग्यांवर चालणारी व्यवस्था उभी केली. औषधांसाठी पैसे, राहायची सोय, सकस आहार, समुपदेशन, आणि भेटीची तारीख चुकली की फोन करणारी माणसं, असं सगळं एका जागी. त्याआधी तिथे साधारण पाचातलं एक मूल उपचार नाकारून किंवा मध्येच सोडून जायचं. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आलं. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, आणि तरी एवढी मुलं वाचली. देणगीने काय होतं असं मला कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते.

संशोधनाचीही गोष्ट आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्या काळी या आजारावर काहीही उपाय नव्हता. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये त्यांच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला, ल्युकेमियाच्या संशोधनासाठी, आणि त्याचा मोठा वाटा जगभरातल्या संशोधकांसाठी ठेवला. त्याच वर्षी तेही गेले. पुढे त्यांच्या ट्रस्टच्या पैशांतून २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचं हे टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे, म्हणजे आज सरकारी आहे, पण मुळात ते देणगीतून उभं राहिलेलं आहे.

तुमचे अनुभव, शंका, सगळं लिहा.

सह्याद्रीचा_वारा

निशिगंधताई, धागा चांगला आहे, पण एक मूलभूत आक्षेप नोंदवतो. मुलांचे उपचार ही सरकारची जबाबदारी आहे. लोकांनी देणग्या देऊन ही भोकं बुजवत राहिलं तर सरकारला कधीच जाग येणार नाही. आज फुले योजनेचं संरक्षण ५ लाखांपर्यंत गेलंय ते लोकांनी मागणी लावून धरली म्हणून, दानशूरांमुळे नाही. त्याच रेट्याने राहण्या-खाण्याचा खर्चही योजनेत घ्यायला लावला पाहिजे.

निशिगंध

दादा, मागणीला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. पण योजनेत एखादी गोष्ट घालायची तर आधी कुणीतरी करून दाखवावी लागते, ती केल्याने किती मुलं वाचली ते मोजून मांडावं लागतं. 'राहायची-जेवायची सोय केली तर उपचार सुटत नाहीत' हे आज आकड्यांसकट सांगता येतं, कारण कुणाच्या तरी देणगीतून ते आधी झालं. आणि सरकार हलेपर्यंत आज ओपीडीत बसलेल्या मुलाचं काय? त्याच्या ल्युकेमियाला थांबता येत नाही.

सह्याद्रीचा_वारा

आज बसलेल्या मुलाचा मुद्दा मान्य. मागणीचा मुद्दा सोडत नाही.

रक्तपेशी

मी रक्तविकारांच्या विभागात काम करणारी डॉक्टर. संशोधनाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण 'संशोधन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे परदेशातली प्रयोगशाळा येते आणि 'आपल्या पोरांना काय उपयोग' असा प्रश्न येतो.

ल्युकेमियावरच्या पहिल्या परिणामकारक औषधाच्या मागे आपला माणूस आहे. भीमावरमला जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. त्यांच्या चमूने तयार केलेलं अमिनोप्टेरिन बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी मुलांना दिलं. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांची माहिती प्रसिद्ध केली, त्यातल्या १० जणांना काही काळापुरता का होईना, स्पष्ट गुण आला होता. तोवर असं कधी झालंच नव्हतं. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही आमच्या जवळजवळ प्रत्येक ल्युकेमियाच्या मुलाला मिळतं. व्हिन्क्रिस्टीन हे दुसरं हुकमी औषध सदाफुलीपासून निघालं, आपल्या दारातल्याच सदाफुलीपासून. (म्हणून सदाफुलीचा काढा कुणी पाजू नका. त्याने बरं होत नाही, विषबाधा होते.)

आता भारताबद्दल. १९८४ च्या सुमाराला टाटा मेमोरियल, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईचं अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या डॉ. इयान मॅग्राथ यांच्याबरोबर ल्युकेमियासाठी 'एमसीपी ८४१' ही उपचारपद्धती बसवली. आपल्याकडे मिळणारी औषधं, आपल्या हॉस्पिटलांची ताकद, मुलांचं कुपोषण हे सगळं धरून आखलेली. तोवर २० टक्क्यांच्या आसपास अडकलेलं बरं होण्याचं प्रमाण त्यानंतर निम्म्याच्या आसपास गेलं. हे संशोधनच होतं.

असं संशोधन कंपन्या करत नाहीत. त्यांना त्यात नफा नाही. दोन उदाहरणं देते.

एक, ६-एमपी ही गोळी. जुनी, स्वस्त, पेटंट केव्हाच संपलेलं. ल्युकेमियाच्या मुलाला ती जवळजवळ दोन वर्षं रोज घ्यावी लागते. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकात एक बदल असेल तर नेहमीच्या डोसनेही त्या मुलाच्या जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. हा बदल युरोपीय वंशाच्या लोकांत क्वचित आणि आशियाई लोकांत बऱ्यापैकी सापडतो, आपल्यातही. पाश्चात्त्य मुलांवर ठरवलेला डोस आपल्या मुलांना डोळे झाकून देता येत नाही तो यासाठी. ही तपासणी आपल्या मुलांत करून डोस कसा ठरवायचा याचा अभ्यास कोण करणार? ज्या गोळीवर कुणाला चार पैसे सुटत नाहीत तिच्यावर?

दोन, अ‍ॅस्परॅजिनेज हे इंजेक्शन. ल्युकेमियात ते फार महत्त्वाचं. भारतात मिळणाऱ्या काही जेनेरिक ब्रँडचा परिणाम रक्तात अपेक्षेपेक्षा कमी दिसतो, हे भारतातल्याच डॉक्टरांनी मुलांच्या रक्तातली पातळी मोजून दाखवलं. हा अभ्यास एखादी कंपनी का करील? त्याला सरकारी अनुदान किंवा देणगी, दोनच वाटा. असे अभ्यास झाले नसते तर आम्ही इंजेक्शन देत राहिलो असतो आणि आजार परत का आला ते कळलंच नसतं.

लोकांना नवं उपकरण द्यायला आवडतं, त्यावर नावाची पाटी लागते. मी स्वतः एखाद्या दात्याला सांगेन की एका डेटा मॅनेजरचा दोन वर्षांचा पगार द्या. कुठल्या मुलाला काय दिलं, काय झालं, कधी झालं याची स्वच्छ नोंद ठेवणारा माणूस नसेल तर अभ्यास उभाच राहत नाही.

हिशेब_पक्का

रक्तपेशी, माहितीबद्दल आभार. मग ती सीएआर-टी उपचाराची बातमी आली होती ती काय? आयआयटी मुंबईची. ती मुलांसाठी आहे का?

रक्तपेशी

नेक्सकार१९. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, काढून, त्यांत बदल करून परत देतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, पण १५ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी. त्याहून लहान मुलांसाठी टाटामध्ये अभ्यास झालेला आहे, काम पुढे चालू आहे. परदेशात असाच उपचार ३-४ कोटींना पडतो, आपल्याकडे सुरुवातीची किंमत ४० लाखांच्या आसपास होती. तरीही सामान्य घराला अशक्यच. म्हणजे इथेही कुणाचा तरी हात लागणार.

पण एक सांगते. पहिल्या रांगेतले साधे उपचार वेळेवर आणि पूर्ण झाले तर बहुतेक मुलांना सीएआर-टीची गरज पडत नाही. निशिगंधताई म्हणतात ती खोली आणि ती अंडी माझ्या लेखी संशोधनाइतकीच मोलाची आहेत. कुपोषित मूल केमो सोसू शकत नाही, त्याला जंतुसंसर्ग होतो. आपल्याकडे बरीच मुलं कॅन्सरने नाही, उपचाराच्या काळातल्या संसर्गाने जातात.

माण_खटाव

मी या धाग्यावर लिहू का नको असा विचार करत होतो. माझ्या मुलीला ल्युकेमिया झाला होता. आता ती ठीक आहे, शाळेत जाते.

आम्ही सुरुवातीला एका नातेवाइकांकडे राहिलो. त्यांनी केलं तेवढं खूप केलं, पण दहा बाय दहाच्या खोलीत आधीच पाच माणसं आणि पोरीच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य. हॉस्पिटलच्या सोशल वर्कर मॅडमनी सेंट ज्यूड या राहायची सोय करणाऱ्या संस्थेत नाव नोंदवलं आणि काही दिवसांनी जागा मिळाली. एका कुटुंबाला एक स्वतंत्र जागा, पलंग, कपाट. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून, पण प्रत्येकीचा ओटा आणि शेगडी वेगळी. रेशन तिथूनच मिळायचं. हॉस्पिटलला न्यायला-आणायला गाडी. पैसे काही नाहीत. स्वच्छतेचे नियम कडक, बाहेरचं खाणं बंद म्हणजे बंद. माझ्या बायकोला पहिल्यांदा ते जाचक वाटलं. मग शेजारच्या ओट्यावरची बंगालची बाई तिची मैत्रीण झाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण कुणाच्या पोराच्या पेशी आज किती आल्या ते दोघींना बरोबर कळायचं.

रक्तपेशी मॅडमनी ६-एमपीच्या गोळीचं लिहिलंय. ती ५० मिलिग्रॅमची येते. मुलीला आठवड्यातले चार दिवस अख्खी आणि तीन दिवस अर्धी. ती अर्धी करताना चुरा होऊ द्यायचा नाही, हाताला लागू द्यायची नाही. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ते चुकून रोज दिलं तर जिवावर बेततं. मी दहावी झालोय तरी तो तक्ता वाचताना मला घाम फुटायचा. तिथल्या ताईंनी घरी जायच्या आधी भिंतीवर लावायला मोठा तक्ता करून दिला. सोमवार ते रविवार खाने पाडलेले, अख्ख्या गोळीला पूर्ण गोल, अर्धीला अर्धा गोल, गुरुवारच्या खान्यात मेथोट्रेक्सेटची लाल चौकट. गावी गेल्यावर दोन वर्षं तो तक्ता भिंतीवर होता. त्या ताईंचा पगार कुठल्यातरी देणगीतूनच निघत असणार.

निशिगंध

माण_खटाव दादा, तुम्ही लिहिलंत फार बरं झालं. लेकीला खूप आशीर्वाद.

इतरांसाठी: सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ मध्ये मुंबईत श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी सुरू केली, तेव्हा आठच कुटुंबांची सोय होती. आता अनेक शहरांत केंद्रं आहेत. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलशी नावापलीकडे त्यांचा संबंध नाही, संस्था वेगळ्या आहेत. देणगी देताना बऱ्याच जणांचा घोटाळा होतो म्हणून सांगितलं. परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. बाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या नुसत्या यात्रेकरूंसाठी नव्हत्या, हॉस्पिटलशी आलेल्या गरिबांसाठीही होत्या.

पारिजातक_एडिसन

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे मुलांच्या शाळेत दर वर्षी बालकर्करोगासाठी पैसे गोळा करतात. या देशात ही सवय कशी लागली ते सांगण्यासारखं आहे.

रक्तपेशींनी ज्या फार्बरांचा उल्लेख केला त्यांनाच पैसे हवे होते. २२ मे १९४८ ला रेडिओवर एका लोकप्रिय कार्यक्रमात त्यांच्या वॉर्डातला एक मुलगा बोलला. त्याचं खरं नाव लपवून त्याला 'जिमी' म्हटलं. त्याच्या आवडत्या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खाटेशी आले. त्याला टीव्हीवर सामने बघता यावेत म्हणून लोकांनी पैसे पाठवावेत, असं आवाहन होतं. मागितले होते २० हजार डॉलर, जमले २ लाखांहून जास्त. त्यातून 'जिमी फंड' उभा राहिला. 'जिमी' बहुधा गेला असेल असंच सगळे धरून चालले होते. १९९८ मध्ये कळलं की तो जिवंत आहे, मेन राज्यात राहतो, ट्रक चालवायचा, नातवंडं आहेत.

दुसरी गोष्ट मेम्फिसची. डॅनी थॉमस नावाच्या नटाने उमेदवारीच्या काळात संत ज्यूडला नवस केला होता, आणि तो फेडायला त्याने ४ फेब्रुवारी १९६२ ला मुलांचं हॉस्पिटल उघडलं. तिथे कुटुंबाला बिल देत नाहीत, खर्चाचा मोठा भाग देणग्यांतून येतो. तिथल्या डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी औषधं एकेक करून देण्याऐवजी एकत्र दिली, मेंदूत दडणाऱ्या पेशींसाठी वेगळे उपचार जोडले, आणि साठच्या दशकाच्या अखेरीला ल्युकेमियाची निम्मी मुलं बरी व्हायला लागली. हॉस्पिटल उघडलं तेव्हा हेच प्रमाण ४ टक्के होतं. ही उपचारांची माहिती त्यांनी जगाला खुली केली, ती आपल्यापर्यंतही आली. म्हणजे टेनेसीतल्या कुणा आजीने पाठवलेल्या पाच डॉलरचा उपयोग माण तालुक्यातल्या पोरीला झाला, असं म्हणायला हरकत नाही.

माझा प्रश्न: इथून भारतात देणगी कशी द्यायची?

हिशेब_पक्का

मी सीए आहे, तेवढं सांगतो. तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर तुमच्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी समजली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय असाल, तर ती परदेशी देणगी ठरते आणि परदेशी देणगी घ्यायची एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तिच्या त्या ठरावीक खात्यातच द्यावी लागते. पाठवण्याआधी संस्थेला पासपोर्टची प्रत देऊन विचारा.

भारतातल्यांसाठी: करसवलतीसाठी देणगीची पावती घ्या, संस्थेचा वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित ताळेबंद मागा. जी संस्था ताळेबंद द्यायला टाळाटाळ करते तिला मी एक रुपया देत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या आजारी मुलाच्या फोटोखालच्या खात्यात पैसे टाकू नका. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाला फोन करा, रुग्णाच्या केस नंबरवर थेट पैसे भरता येतात.

आणि एक प्रश्न. काही संस्थांचे पगारावरचे खर्च बघून मी थबकतो. देणगीतला मोठा वाटा पगारात जात असेल तर काय करायचं?

निशिगंध

कुणाचे पगार ते बघा. वरती माण_खटाव दादांनी लिहिलेला तो तक्ता करणारी ताई ताळेबंदात 'पगार' याच सदरात बसते. तारीख चुकली की धाराशिवकडच्या एखाद्या गावच्या सरपंचाला फोन लावून त्या कुटुंबाला परत आणणारी मुलगीही तिथेच. पोराला किती प्रथिनं मिळतात ते मोजणारी आहारतज्ज्ञसुद्धा. 'माझा पैसा फक्त औषधालाच जावा' असं म्हणणारे दाते मला भेटतात, त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण औषधासाठी आज योजना आहे, ट्रस्ट आहेत, मुख्यमंत्री सहायता निधी आहे. माणसांच्या पगारासाठी कुणीच नसतं, आणि उपचार सुटू न देण्याचं काम माणसंच करतात. शक्य असेल तर अट न घालता द्या, आणि एकरकमी मोठी देण्यापेक्षा दर महिन्याला थोडी द्या. पुढच्या वर्षी पैसे येणार याची खात्री असेल तरच संस्था माणूस नेमू शकते.

देवगड_हापूस

सगळा धागा वाचला. बरं झाल्यानंतरचं अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मला शाळकरी वयात हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, झाला होता. केमो आणि छातीवर रेडिएशन. आता चाळिशीजवळ आलोय. नोकरी, संसार, एक मुलगा. लोक म्हणतात, बरा झालास, आता विसरून जा. मला ते विसरून चालत नाही. जी औषधं आणि जे किरण घेऊन मी वाचलो त्यांचा हिशेब शरीर पंधरा-वीस वर्षांनी मांडू शकतं. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध हृदयाच्या स्नायूला कमजोर करू शकतं, म्हणून ठरावीक वर्षांनी हृदयाची इको तपासणी. छाती-मानेवर रेडिएशन म्हणून थायरॉइडची तपासणी. सिस्प्लॅटिन हे औषध घेतलेल्या मुलांना ऐकायला कमी येऊ शकतं आणि मास्तर म्हणतात, लक्ष देत नाही. डोक्याला रेडिएशन घेतलेल्यांना अभ्यास जड जातो. काहींना मूल होण्यात अडचण येते. छातीला रेडिएशन घेतलेल्या मुलींना स्तनांची तपासणी इतर बायकांपेक्षा खूप लवकर, पंचविशीतच, सुरू करावी लागते. हे किती जणींना माहीत आहे? डोळ्याच्या कॅन्सरमध्ये डोळा काढावा लागलेल्या मुलांचा कृत्रिम डोळा वाढत्या वयाबरोबर बदलावा लागतो. हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय वाचवून आत बसवलेला सांधा मूल वाढेल तसा लांबवावा किंवा बदलावा लागतो. हे खर्च उपचार 'संपल्यानंतर' येतात, आणि तेव्हा मदतीची आवाहनं करणारं कुणी नसतं.

टाटा मेमोरियलमध्ये यासाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे, उपचार पूर्ण झालेल्यांसाठी. एसीटी क्लिनिक म्हणतात. उपचार संपून दोन वर्षं आजार परतला नाही की तिथे नाव जातं, मग आयुष्यभर. मी जातो. एकाच दिवशी सगळं बघतात आणि मोकळेपणाने बोलतात: शाळा, नोकरी, लग्न. लग्नाच्या वेळी मी मुलीकडच्यांना सगळं सांगितलं होतं. दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या ठिकाणी ती स्वतःच म्हणाली, मला डॉक्टरांशी बोलायचंय. आम्ही दोघं तिथे गेलो, तिने तिच्या शंका विचारल्या, आणि बाहेर येऊन तारीख ठरवली. बरे झालेल्यांचा 'उगम' नावाचा गट आहे, इंडियन कॅन्सर सोसायटीचा. आमच्यातले काही जण वॉर्डात जाऊन आत्ता उपचार घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना भेटतात. डॉक्टर कितीही सांगोत, समोर धडधाकट माणूस उभा राहून "मीपण याच वॉर्डात होतो" म्हणतो तेव्हा त्या आईबापांचा विश्वास बसतो.

विमा आणि नोकरीच्या मेडिकलमध्ये अजून त्रास होतो. एका ठिकाणी पात्र ठरूनही जुन्या आजाराचं कारण देऊन मला परत पाठवलं होतं. वीस वर्षं झाली होती बरं होऊन.

माझं म्हणणं एवढंच की संशोधनाचा आणि देणगीचा एक भाग आमच्यासाठीही असावा. आमच्यासारख्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तरच कळेल की कुठलं औषध कमी करून चालेल. अमेरिकेत १९९४ पासून असा मोठा अभ्यास चालू आहे. अशा अभ्यासांतून कळलं म्हणून आज बऱ्याच मुलांना रेडिएशन कमी किंवा अजिबात न देता बरं करतात. मला जेवढं दिलं तेवढं माण_खटाव यांच्या लेकीला द्यावं लागलं नसेल.

माण_खटाव

देवगड, तिला रेडिएशन दिलं नाही. डॉक्टर म्हणाले आता गरज पडत नाही. कशामुळे ते आज कळलं. तुमच्याशी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) बोलू का? क्लिनिकमध्ये नाव घालायचं कसं ते विचारायचं आहे.

देवगड_हापूस

जरूर करा. तोवर एक करून ठेवा: उपचाराचा पूर्ण सारांश लिहून मागा. कुठलं औषध, एकूण किती डोस, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. फाइल गहाळ होते, हॉस्पिटलं जुने कागद काढून टाकतात. तिच्या जन्मदाखल्याच्या शेजारी ठेवा. ती मोठी झाली की तिच्या हातात द्या आणि सगळं तिला सांगा. कित्येकांना आईवडिलांनी आजाराचं नावही सांगितलेलं नसतं, मग तपासणीला कोण जाणार?

सह्याद्रीचा_वारा

देवगड, हा भाग मला अजिबात माहीत नव्हता. माझ्या मागणीच्या यादीत भर घालतो: बरे झालेल्या मुलांच्या वार्षिक तपासण्या योजनेत याव्यात. आपल्यापैकी कुणी मसुदा करायला मदत करणार असेल तर आमदारांना आणि आरोग्य विभागाला निवेदन देऊ. दर महिन्याची देणगीही सुरू करतो आहे, निशिगंधताईंनी सांगितल्याप्रमाणे, बिनशर्त.

रक्तपेशी

मसुद्याला मी मदत करते. कुठल्या उपचारानंतर कुठली तपासणी किती वर्षांनी, हा तक्ता मी देईन.

कॉलेजकट्टा

आमच्याकडे पैसे नाहीत हो, सगळे विद्यार्थी. सप्टेंबरमध्ये वॉर्डात केक आणि खेळणी घेऊन जायचा बेत होता. चालेल का?

निशिगंध

बाळांनो, केक नको. मुलांच्या पेशी कमी असतात, बाहेरचं खाणं चालत नाही, गर्दीही नको. मऊ खेळण्यांतून जंतू येतात. त्याऐवजी प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, द्या. केमोने प्लेटलेट खाली जातात आणि त्या पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही, रोज नवीन दाते लागतात. अशा प्लेटलेटदानाला एसडीपी म्हणतात. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, प्लेटलेट वेगळ्या होतात, बाकीचं रक्त तुम्हाला परत. तास-दीड तास लागतो. वय १८ पूर्ण, वजन ५० किलोच्या वर, आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेलं नको. साध्या रक्तदानासारखी तीन-चार महिने थांबायची गरज नाही.

एका दिवशी पन्नास जण येऊ नका. वीस जणांची यादी करा, रक्तपेढीला द्या, आणि गरज पडेल तसे दोन-दोन जण जा. दिवाळीत, मे महिन्यात आणि परीक्षांच्या काळात दाते मिळत नाहीत, त्या दिवसांसाठी नावं आत्ताच लिहून ठेवा.

कॉलेजकट्टा

चौदा नावं झाली. उरलेली उद्या होस्टेलमध्ये विचारून टाकते. रक्तपेढीशी बोलायला कुणाला पाठवू, मी स्वतः जाऊ का?

निशिगंध

तूच ये. सकाळी अकराच्या आधी ये, नंतर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. व्यनि केला आहे, कुणाला भेटायचं ते त्यात लिहिलं आहे.